पोचा पडलेली बॅटरी

“मग मला का नाही, उस्ताद?”

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. मांडीवर आडव्या घेतलेल्या पंखाच्या कडेवरून ते अंगठा फिरवत होते. कुठे खरखरीत लागलं की थांबायचे, पॉलिश पेपरचा तुकडा दोनदा घासायचे, की पुन्हा अंगठा पुढे.

“सहा वर्षं झाली मला इथे येऊन,” सुकुमार म्हणाला. “त्यांना आठ महिने.”

“बरोबर.”

“मग?”

“मग काय... मोजणी बरोबर आहे तुझी.”

आणि उस्तादांनी पंख उचलून शेडकडे हाक मारली, “रेवती, ये पोरी. जोडायचं का आता?”

मिरजेच्या पूर्वेला, गाडीने अर्ध्या तासावर, तो उघडा माळ होता. झाड नाही, विजेची तार नाही. दर रविवारी सकाळी सात-आठ माणसं आपापली विमानं घेऊन तिथे जमायची. रिमोटवर उडणारी विमानं. कुणी त्यांना खेळणी म्हटलं की ही माणसं गप्प व्हायची आणि दिवसभर त्या माणसाशी जेवढ्यास तेवढं बोलायची.

उस्तादांचं घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. आयुष्यभर त्यांनी लाकूड तासलं होतं. चाळिशीत त्यांच्या हाती बाल्सा नावाचं कापसाइतकं हलकं लाकूड पडलं आणि तेव्हापासून तंबोऱ्यांच्या बरोबरीने त्यांच्या माडीवर विमानं होऊ लागली. आज माळावर आलेलं पांढरं विमान चार महिन्यांच्या कामाचं होतं. दोन्ही हात पसरलेल्या माणसाएवढे पंख. ते अजून एकदाही उडालं नव्हतं.

पहिलं उड्डाण कोण करणार, यावर सुकुमारच्या मनात कधी शंकाच नव्हती. काल संध्याकाळी उस्तादांनी फोनवर सहज सांगितलं, “उद्या रेवती उडवेल,” आणि तेव्हापासून त्याच्या घशाखाली अन्न गेलं नव्हतं.

सुकुमार मगदूमचं कुपवाडला मोटरी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटरी यायच्या, त्यांच्या तारा काढून तो नव्या गुंडाळायचा. विजेतलं आपल्याला कळतं असा त्याला अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता. पण पहिल्या दिवशी तो माळावर आला तेव्हा उस्तादांनी त्याच्या हातात रिमोट दिला नव्हता. बॅटरी दिली होती.

लिथियम पॉलिमरची बॅटरी. सगळे तिला लिपो म्हणत. मुठीत मावेल एवढी, चपटी, वरून नुसतं पातळ पाकीट. कडक कवच नाही. तेवढ्याशा वस्तूत अख्खं विमान आभाळात नेऊन कोलांट्या मारायला लावण्याची ताकद, आणि कुठे दुखावली तर त्याच ताकदीने पेटणारी.

“आधी हिला ओळख,” उस्ताद म्हणाले होते.

तीन महिने सुकुमारने विमानाला हात लावला नाही. बॅटरी किती भरायची, कुठे थांबायचं, उडायचं नसेल तेव्हा अर्धीच भरून का ठेवायची, उन्हात गाडीत का सोडायची नाही. फुगली तर काय, आपटली तर काय. तो शिकला, आणि असा शिकला की वर्षभरात उस्तादांनी सगळ्यांच्या बॅटऱ्यांची पत्र्याची पेटी त्याच्या ताब्यात दिली. पडलेल्या विमानातली बॅटरी त्याला दाखवल्याशिवाय कुणी चार्जिंगला लावायची नाही, असा माळावरचा नियमच झाला. सुकुमारने हातात घेऊन उलटीसुलटी केली, नाकाशी धरली, आणि ‘ठीक’ म्हणाला, की ठीक.

रेवती आवटीला मात्र उस्तादांनी पहिल्याच दिवशी रिमोट दिला. ती मिरजेत भूलतज्ज्ञ होती. आठवडाभर लोकांना झोपवायचं आणि पुन्हा जागं करायचं, हे तिचं काम. तिने पहिलं वळण घेतलं तेव्हा उस्ताद म्हणाले होते, “बोटं हलकी आहेत तुझी.”

सुकुमार तेव्हा चार पावलांवर उभा होता. सहा वर्षांत ते वाक्य त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. दुकानात तार गुंडाळताना ते त्याला ऐकू यायचं. उस्ताद आपल्या थर्मासमधला चहा कुणाला आधी देतात, ‘पोरी’ किती वेळा म्हणतात, तिच्या विमानाकडे किती वेळ बघत राहतात... हे सगळं तो टिपत राहायचा. त्याला स्वतःचीच लाज वाटायची. पण लक्ष काढता येत नव्हतं.

पांढरं विमान उडालं.

ते इतकं अलगद वर गेलं की माळावरच्या माणसांचं बोलणं थांबलं. रेवतीने ते उंच नेलं, मोटर बंद केली आणि नुसतं वाऱ्यावर सोडून दिलं. विमान तरंगत राहिलं. उस्ताद डोळ्यांवर हात धरून बघत होते. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं.

सुकुमारने विमानाकडे पाहिलं नाही. त्याने उस्तादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपल्या एकाही उड्डाणाला हा चेहरा असा झाला नव्हता, हे त्याला माहीत होतं.

उतरताना मात्र चुकलं. वारा अचानक पडला, रेवतीला ते कळायला क्षणभर उशीर झाला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच खाली येऊन दगडांच्या बांधाला नाकाने धडकलं.

सगळे धावले. रेवती सगळ्यांच्या पुढे. सुकुमारही धावला, आणि धावताना आपल्याला हलकं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं.

नाक चेपलं होतं. बाकी विमान शाबूत होतं. रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चार महिन्यांचं काम, उस्ताद...”

“नाक आहे ते. दुसरं लावू,” उस्ताद म्हणाले. “जेवणाआधी पुन्हा उडवशील तू. चल, आण इकडे.”

पुन्हा. तिलाच.

उस्ताद विमान घेऊन पुढे झाले. रेवतीने बॅटरी काढून घेतली होती. माती पुसली आणि ती सुकुमारसमोर धरली.

“सुकुमारदादा, बघता का जरा? ठीक आहे ना ही?”

त्याने हातात घेतली नाही. घ्यायची गरजच नव्हती. बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यावर, जिथे ती बांधाच्या दगडावर दाबली गेली असणार तिथे, पोचा पडला होता. ओल्या साबणावर अंगठा दाबावा तेवढाच. नवख्या माणसाला दिसलाही नसता. सुकुमारला तो दोन पावलांवरून दिसला. अशी बॅटरी वरून हाताला गार लागते, पण आतले पापुद्रे एकमेकांना भिडलेले असतात. ती उघड्यावर वाळूत ठेवायची आणि तिच्यापासून लांब राहायचं. चार्जिंगला तर कधीच लावायची नाही. हे त्यानेच किती जणांना दरडावून सांगितलं होतं.

“दादा?”

सुकुमारने शेडकडे पाहिलं. उस्ताद गुडघे मोडून बसले होते, आणि मोडक्या नाकावरून हात फिरवत स्वतःशीच हसत होते.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

रेवती गेली.

आपण काय केलं हे त्याला लगेच कळलं. पण कळलेल्या गोष्टीभोवती त्याचं मन भराभर तारा गुंडाळू लागलं. फार तर फुगेल. थोडा धूर येईल. चार लोक बघतील. उस्ताद बघतील, की हलक्या बोटांच्या बाईला एक बॅटरी सांभाळता येत नाही. फरशीवरच ठेवून भरते ती, तेवढं तिला ठाऊक आहे. काही होणार नाही. आणि झालंच तर एक बॅटरी जाईल.

शेड म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि वर पत्रा. आत एक लांब टेबल, त्यावर फरशीचा तुकडा, शेजारी गाडीच्या जुन्या बॅटरीवर चालणारा चार्जर. भिंतीला खिळ्यांवर विमानं टांगलेली. रेवतीने बॅटरी फरशीवर ठेवली, वायर जोडली आणि शेजारी खुर्ची ओढली. तिला शिकवलं होतं, सोडून जायचं नाही. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी चहाला हाक मारली. ती उठली. दोन मिनिटांचा तर प्रश्न होता, आणि बॅटरी दादांनी पाहिलेली होती.

सुकुमार बांधावर बसला होता. चहाचा कप कुणीतरी त्याच्या हातात दिला, तो तसाच राहिला. चार्जरच्या छोट्या पंख्याची घरघर तिथवर येत होती. त्याला वाटलं, आता उठावं. जाऊन वायर काढावी. विचारलंच कुणी, तर ‘जरा शंका आली’ म्हणावं. एवढं सोपं होतं.

तो बसून राहिला.

मग उस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत. नाकाला लावायचा गोंद टेबलावर होता. ते शेडमध्ये शिरले आणि टेबलावर वाकून चष्म्याशिवाय चाचपडू लागले. त्यांचा चेहरा फरशीपासून हातभर अंतरावर होता.

सुकुमारच्या हातातला कप खाली पडला.

“उस्ताद, बाहेर या,” तो ओरडला. “बाहेर...”

तो धावत असतानाच फस्स असा आवाज आला. पांढरा दाट धूर, आणि त्याच्याबरोबर तो वास, रंगाच्या डब्यातून येतो तसा गोडसर. उस्ताद मागे वळले, पण म्हातारं अंग, वळायला वेळ लागतो. सुकुमारने त्यांना खांद्याने बाजूला ढकललं. वायर हिसकली. फरशी बॅटरीसकट दोन्ही हातांनी उचलली आणि बाहेरच्या वाळूच्या खड्ड्याकडे पळाला.

अर्ध्या वाटेवर बॅटरी पेटली. ज्योत अशी आडवी फेकली गेली की त्याच्या मनगटावरचे केस करपले. त्याने फरशी सोडली नाही. खड्ड्याशी पोचल्यावर सगळं आत टाकलं, तेव्हा उजव्या हाताची बोटं त्याला वळवता येत नव्हती.

शेडमध्ये एक ठिणगी भिंतीवरच्या पिवळ्या विमानावर पडली होती. माळावर जो कुणी उडवायला शिकला तो त्या पिवळ्या विमानावर शिकला होता. रेवतीने वाळूची बादली उचलून रिकामी केली, दुसऱ्याने दुसरी. आग विझली. पिवळं विमान राहिलं नाही.

मग सगळेच बोलू लागले.

“सुकुमार नसता तर उस्तादांचं तोंड भाजलं असतं.”

“अरे, तोंड काय घेऊन बसलास...”

“पेटती बॅटरी हातात घेऊन पळाला हा माणूस.”

रेवती मध्ये उभी होती. चेहरा पांढरा पडला होता. “माझी चूक आहे,” ती म्हणाली. “मी तिथून उठायला नको होतं.”

उस्तादांनी विचारलं, “त्याला दाखवली होतीस?”

“दाखवली होती, उस्ताद. त्यांनी बघितली. आतलं कुणाला दिसतं? चूक माझी आहे.”

माणसं तिच्याकडे बघत होती आणि सुकुमारची पाठ थोपटत होती. गेले आठ महिने त्याला जे हवं होतं ते सगळं त्याला एकाच सकाळी मिळालं होतं. तो पाठीवरच्या हातांखालून निसटून बांधाकडे चालू लागला.

रेवतीने गाडीतून औषधांची पेटी आणली. त्याला बांधावर बसवलं, हातावर पाणी ओतत राहिली. बराच वेळ ओतत राहिली. मग मलम लावलेलं जाळीचं फडकं ठेवून पट्टी गुंडाळू लागली. तिची बोटं खरंच हलकी होती. दुखतच नव्हतं.

“डॉक्टर,” सुकुमार म्हणाला.

“हं?”

“मला पोचा दिसला होता.”

पट्टी थांबली.

“तुम्ही पुढे धरलीत तेव्हाच दिसला. मी ठीक म्हणालो.”

तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग यायलाही वेळ लागला. आधी नुसतं न कळणं होतं.

“का?”

तो शेडकडे बघत राहिला. उस्ताद जळालेल्या पिवळ्या विमानाचा सांगाडा खिळ्यावरून उतरवत होते. रेवतीने त्याच्या नजरेमागे नजर नेली... आणि तिला उत्तर मिळालं.

“मी खुर्ची ओढली होती तिथे,” ती हळूच म्हणाली. “बसणार होते. चहाला हाक आली नसती तर मीच असते.”

“हो.”

“ऑपरेशनच्या वेळी मी शेजारच्या माणसाला विचारते, ठीक आहे का. तो ठीक म्हणाला की मी मान खाली घालून कामाला लागते. दुसऱ्यांदा विचारत नाही. तसं विचारत बसले तर माणूस टेबलावर मरेल.”

तिने पट्टीचं शेवटचं टोक दुमडून चिकटवलं. अंगठा मोकळा ठेवला. हाताला सूज आली तर आवळायला नको, म्हणून एकदा सोडून पुन्हा बांधलं.

“परवा बदलायची,” ती म्हणाली. “दुसरीकडे जा बदलायला.”

आणि ती उठून गेली. तिच्या गाडीची धूळ रस्त्यावर दिसत राहिली तोवर तो बांधावर बसून होता.

हळूहळू बाकीचेही गेले. उस्तादांनी शेड झाडली, काळी वाळू खड्ड्यात टाकली, आणि येऊन त्याच्या शेजारी बसले. दोघांच्या मध्ये त्यांनी पिवळ्या विमानाचं उरलेलं शेपूट ठेवलं.

“जळतंय?”

“हो.”

“हात?”

“हात नाही,” तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. थर्मासच्या चहापासून पोच्यापर्यंत. सांगताना त्याने कुठे स्वतःची बाजू घेतली नाही, कारण घ्यायला बाजूच उरली नव्हती. उस्ताद ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘अरेरे’ नाही, ‘असं कसं केलंस’ नाही.

“तुम्ही आत गेलात म्हणून मी धावलो,” सुकुमार म्हणाला. “त्या आत असत्या तर... मला माहीत नाही, उस्ताद. धावलो असतो का ते मला माहीत नाही.”

माळावर वारा पुन्हा सुरू झाला होता. पांढरं विमान शेडच्या दारात, मोडकं नाक वर करून पडलं होतं.

त्याने डाव्या हाताने खिशातली बॅटऱ्यांच्या पेटीची किल्ली काढली आणि उस्तादांपुढे धरली.

“पेटी दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“कुणाला?”

“कुणालाही.”

“नाव सांग.”

इतकं सगळं होऊनसुद्धा ते नाव घेताना आत कुठेतरी टोचलंच, आणि टोचलं हे त्याला स्पष्ट कळलं.

“त्यांनाच द्या,” तो म्हणाला. “रेवती डॉक्टरांना.”

“तिला येत नाही अजून. पोचा ओळखता आला नाही तिला.”

“मग शिकवा तुम्ही.”

“मी उडवायला शिकवतो. बॅटरीतलं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.”

“त्या माझ्या तोंडाकडेसुद्धा बघणार नाहीत.”

“नाहीच बघायची. आज तरी नाही.” उस्तादांनी किल्ली घेतली नाही. “तिच्या दारात जा. बस. परत पाठवलं तर परत ये. पुन्हा जा.”

“आणि शिकवून झाल्यावर?”

उस्ताद कण्हत उठले. गुडघ्याला लागलेली राख त्यांनी झटकली, आणि पांढऱ्या विमानाकडे जाता जाता, मागे न बघता म्हणाले,

“तुला येतं ते सगळं तिला देऊन टाक. मागे काही ठेवू नकोस. अगदी रिकामा झालास, की माझ्याकडे ये... मग शिकायला सुरुवात करू.”